बोरगावच्या घराची उलटी चतुःसीमा

लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझी सुटका नसते. शेजारच्याला कळलं की हा माणूस वणीच्या रजिस्ट्री ऑफिससमोर बसून दस्त लिहायचा, की तो भाताचा घास हातात धरून विचारतो, "मुनशीजी, रजिस्ट्री झाली म्हंजे घर पक्कं झालं न?" मी 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही, मठ्ठा मागतो. या प्रश्नाचं खरं उत्तर फार लांब आहे आणि त्यात माझी स्वतःची फजिती आहे. संपादकांनी लिहाच म्हणून गळ घातली, म्हणून ती फजिती इथे सांगून टाकतो.

आधी आमचा धंदा सांगतो. घर विकणारा आणि घेणारा आमच्यापुढे येऊन बसायचे. आम्ही त्यांचं बोलणं ऐकून सरकारी मुद्रांकावर खरेदीखत लिहायचो. घर गहाण ठेवायचं असेल तर गहाणखत लिहायचो. मग ते वाचून दाखवायचं, सह्या-अंगठे घ्यायचे आणि दोन साक्षीदारांसकट सगळ्यांना आत सब-रजिस्ट्रार साहेबांपुढे उभं करायचं. साहेब विकणाऱ्याला विचारायचे, "हा कागद तुम्ही करून दिला का? पैसे पोचले का?" तो हो म्हणाला की शिक्का. घर खरोखर आहे का, कुठे आहे, हे साहेब बघत नसत. तो त्यांचा विषयच नव्हता. लोकांना मात्र वाटायचं की सरकारनं शिक्का मारला म्हणजे सरकार जागेवर जाऊन घर मोजून आलं.

लोकांचे प्रश्न ठरलेले असत. घर बायकोच्या नावानं घ्यावं की स्वतःच्या? आधीचं गहाण फिटलंय हे कशावरून? मूळ कागद उंदरानं खाल्ला तर घर जातं का? (जात नाही, ऑफिसातून नक्कल मिळते. पण हे ऐकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो जीव परत येई तो बघण्यासारखा असे.) छप्पन्न साली आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, तेव्हा राळेगावकडचे एक म्हातारबुवा नातलगाकडे आले असताना बापजाद्यांचे सगळे कागद पंच्यात बांधून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "राज्य बदललं. आता हे सारे नव्यानं लिवून द्या." मी सांगितलं, बाबाजी, राज्य बदललं, तुमचं घर हललं नाही, जुने कागद चालतात. त्यांना पटेना. शेवटी मी प्रत्येक कागद उलगडला, वाचला, 'ठीक आहे' म्हणून घडी घालून परत दिला. त्या 'ठीक आहे'चे त्यांनी मला चार आणे दिले. साठ साली महाराष्ट्र झाल्यावर ते परत आले.

खरेदीखतात सगळ्यांत महत्त्वाची ओळ चतुःसीमेची. शेताला सर्व्हे नंबर असतो, पण खेड्यातल्या घराला त्या काळी नंबर कुठला? पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, उत्तरेस काय, दक्षिणेस काय, या चार शब्दांनीच घर ओळखायचं. आता रीतीनं बघितलं तर लिहिणाऱ्यानं जागेवर जाऊन बघावं. आम्ही कोणीच जात नसू. माझी तर एक खास पद्धत होती आणि तिचा मला भारी गर्व होता. मी पक्षकारापुढे आगपेटी ठेवायचो आणि म्हणायचो, "हे तुमचं घर. आता आजूबाजूचं मांडा." मग तो तंबाखूची डबी ठेवून शेजाऱ्याचा गोठा करायचा, अडकित्ता आडवा ठेवून रस्ता करायचा, सुपारीचं देऊळ करायचा. दोन मिनिटांत त्याचा सगळा मोहल्ला माझ्यासमोर उभा राहायचा आणि मी पटापट लिहून घ्यायचो. मी ऑफिसच्या ओसरीत कायम एकाच खांबाला टेकून, उत्तरेकडे तोंड करून बसायचो. उजवा हात पूर्व, डावा हात पश्चिम. इतकी वर्षं बसून बसून ते अंगात मुरलं होतं. दिशा बघायला मला आभाळाकडे मान वर करावी लागत नसे.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात बोरगावचे माणिकराव वानखडे आले. बोरगाव म्हणजे चांद्याच्या रस्त्याला वणीपासून बैलगाडीच्या वाटेवरचं गाव. माणिकरावांची बायको नुकतीच वारली होती आणि गावातलं घर विकून ते शेतातल्या खोपडीत राहायला चालले होते. घेणारा रूपला राठोड. जवळच्या तांड्यावरचा बंजारा. बापजादे बैलांवर धान्य-मीठ वाहून नेणारे, आणि हा स्वतः खाणीवरून स्टेशनपर्यंत बैलगाडीनं कोळसा वाहायचा. तांडा सोडून गावात स्वतःचं घर घेणारा त्यांच्यातला तो पहिला. नवं धोतर नेसून आला होता आणि बसताना ते मळू नये म्हणून उकिडवाच बसला.

त्या दिवशी ऑफिसच्या ओसरीला चुना मारणं चाललं होतं, म्हणून आम्ही दस्त लिहिणारे तीन दिवस समोरच्या निंबाखाली बसलो होतो. साहेबांची हाक आली तर दिसावं म्हणून मी ऑफिसकडे तोंड केलं होतं. म्हणजे दक्षिणेकडे. हे आज मी दोन शब्दांत सांगतो, त्या दिवशी माझ्या ध्यानातही आलं नाही. माणिकरावांनी आगपेटी ठेवली आणि गावकरी माणूस मांडतो तसं, जमिनीवर जे जिथे आहे त्याच दिशेला सगळं नीट मांडलं. मी सवयीनं उजव्या हाताला पूर्व धरली आणि लिहून मोकळा झालो. घराच्या पूर्वेचा रस्ता पश्चिमेला गेला, पश्चिमेचा गोठा पूर्वेला आला, उत्तरेची देवळाची मोकळी जागा आणि दक्षिणेचं शेजारी किसनचं घर यांनीही जागा बदलल्या. मी कागद घडाघडा वाचून दाखवला. 'पूर्वेस', 'पश्चिमेस', 'येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक' असलं ऐकलं की माणसं कीर्तनात डोलतात तशी मान डोलावतात. दोघांनीही डोलावली. साहेबांनी विचारलं, माणिकराव हो म्हणाले, शिक्का पडला.

पुढची सहा वर्षं रूपला त्या घरात सुखानं राहिला. कुणी त्याला आडवं आलं नाही, कारण माणसं घरात राहतात, कागदात राहत नाहीत.

मग चौसष्ट साली एका सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही. म्हणाला, "मुनशीजी, माहं घर कोठी गेलं?"

मला वाटलं, जळलं की काय. त्यानं खिशातून खरेदीखत काढून माझ्या हातात दिलं. झालं होतं असं: बैलगाडीचे दिवस भरत आले होते, खाणीवर ट्रक यायला लागले होते. रूपला आणि त्याचा साडू मिळून चांद्याच्या एकाचा जुना ट्रक घेणार होते. त्यासाठी घर बँकेकडे गहाण ठेवायचं होतं. बँकेचा माणूस कागद घेऊन बोरगावला गेला आणि दारात उभं राहून कागद वाचला. कागदात रस्ता पश्चिमेला, आणि दारासमोरचा रस्ता पूर्वेला. बँकेच्या वकिलानं कागद परत केला. म्हणाला, हा कागद या घराचा नाही.

"मंग माहा कागद कोन्त्या घराचा हाय?" रूपलानं विचारलं. "आन् मी राह्यतो थे घर कोनाचं?"

मी कागद वाचला. दस्ताची तारीख बघितली, वही काढली, आणि मला तो चुना आठवला, तो निंब आठवला. खरं सांगतो, त्या क्षणी मला रूपलाची नव्हे, माझीच काळजी वाटली. त्या तीन दिवसांत मी आणखी किती घरं उलटी केली असतील! वहीत त्या तीन दिवसांचे चार दस्त निघाले. दोन शेतांचे होते, त्यांना सर्व्हे नंबर होते. एकाची चतुःसीमा पक्षकारानं आणलेल्या जुन्या कागदावरून जशीच्या तशी उतरवली होती. उरलं एकट्या रूपलाचं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मला त्याची लाज वाटली, कारण तो समोर उभाच होता.

"चूक माही हाय," मी म्हणालो. "दुरुस्त होते. पण एक अडचण हाय."

असल्या चुकीला औषध एकच. ज्यानं घर विकलं त्यानंच 'चूक-दुरुस्ती'चा नवा कागद करून द्यायचा. आणि माणिकराव तर तीन वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या मागे वारस म्हणून एकच लेक, कुसुम, दिलेली नेरला. आता तिची सही हवी. ती नाही म्हणाली तर? कोर्टात गेला असता तर बहुतेक रूपलाच जिंकला असता, पण कोर्ट म्हणजे किती वर्षं ते कुणी सांगावं. ट्रकवाल्यानं महिन्याची मुदत दिली होती आणि तीत अठरा दिवस उरले होते. त्यापेक्षाही वाईट म्हणजे, घर आपलं की दुसऱ्याचं हे न कळता माणसानं त्यात झोपायचं.

मी दुसऱ्याच दिवशी यष्टीनं यवतमाळ आणि तिथून नेर गाठलं. रूपलाला नेलं नाही. चूक माझी, तर शिव्याही मीच खाव्यात असा विचार केला.

कुसुमबाईचे यजमान भाऊराव, कापसाच्या बाजारात अडत्याकडे दिवाणजी होते. कागद वाचायची सवय असलेला माणूस. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकले.

"म्हंजे कागदात थे घर नाहीच. मंग घर इकलंच गेलं नाही! आमचंच हाय न?"

"तसं होत नाही, भाऊराव. पैसे पोचलेत. सहा वर्षं थो राहून राह्यला."

"मंग सहीचे पैसे तं होतीन? शे-दोनशे?"

आतापर्यंत दाराआड उभी असलेली कुसुमबाई बाहेर आली. तिशीच्या आतबाहेरची, अंगानं बारीक, पण नजर थेट. नवऱ्याकडे न बघता तिनं मला विचारलं, "मी नाही म्हटलं तं काय होईन?"

"तर रूपलाचं घर अडकून पडीन, ताई. कदाचित लय वर्षं."

"माहा बाप मले न इचारता घर इकून बसला. माय मेली, तिचं वर्षश्राद्धही झालं नवतं. मी दिवाळीले गेली तं दारात दुसरेच लोकं. यष्टीतून उतरली तशीच शेतात गेली, खोपडीत झोपली आन् वापस आली. तवा कोनं इचारलं नाही. आता कायदा मले इचारून राह्यला."

"सही करशीन की नाही थे सांग," भाऊराव म्हणाले.

"तुमचं माहेर हाय काय थे?" ती म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "मी आधी घर पाहीन. मंग सांगीन."

परतताना यष्टीत मला डोळा लागला नाही. बाई घर बघेल, रडेल आणि नाही म्हणेल, हेच मनात घोळत होतं. धंद्यात मी पुष्कळ माणसं घर विकताना पाहिली होती. विकलेलं घर पुन्हा बघायला आलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी ती आली. भाऊराव सोबत होते, फुगलेलेच. मी त्यांना बोरगावला घेऊन गेलो. इतकी वर्षं लोकांची घरं लिहिली, पण त्यातल्या एखाद्या घराच्या दारात मी पहिल्यांदाच उभा राहत होतो. रूपला अंगणात हात जोडून उभा. त्याची बायको चांदी दाराच्या चौकटीत, घागऱ्याचा काठ मुठीत धरून. घर मागायला बाई येणार, एवढंच तिच्या कानावर गेलं होतं.

कुसुमबाई अंगणात फिरली, गोठ्याच्या भिंतीला हात लावून आली, मग पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "लिवा." मी घाईघाईनं कागद काढला.

"सकाळचं ऊन इकडून येते, रस्त्यावरून. माय इथंच बसून माही वेणी घाले. मागं गोठा, तिकडे दिवस बुडते. या अंगाले देवळाची खाली जागा. आन् या अंगाले किसनकाकाचं घर, त्याच्या भिंतीले आमची चूल." बोलताना ती प्रत्येक दिशेला तोंड वळवत होती आणि मीही तिच्याबरोबर वळत होतो. एवढी सरळ चतुःसीमा मला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती.

मग ती आत गेली. स्वयंपाकघरात जमिनीत रोवलेलं जातं होतं, तिच्या आईचं. चांदी अजून त्यावरच दळत होती. कुसुमबाई जात्याजवळ खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आम्ही पुरुष अंगणात एकमेकांची तोंडं चुकवत उभे. उघड्या दारातून दिसलं, चांदी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर बसली. तिच्या बोलीत काही म्हणाली, त्यातलं मला एवढंच कळलं, "आव, बेस." बसलेल्या बाईला ती बस म्हणत होती.

बाहेर आल्यावर कुसुमबाईनं डोळे पुसले. "सही करतो," ती म्हणाली, "पैसे नोको. पन माहं एक हाय. वर्सातून एक डाव, दिवाळीले, मी येईन. एक रात राहीन."

"या न, बाई, कवाही या," रूपला म्हणाला.

"तोंडचं नोको. बापाचं तोंडचं मी लय पाह्यलं. कागदात लिवा."

मी समजावलं की ताई, हा दुरुस्तीचा कागद आहे, त्यात चतुःसीमा तेवढी बसते. असला हक्क कायद्यात कुठे लिहिलेला नाही, कुठल्या कोर्टात टिकायचा नाही, आणि साहेब तर दस्त तोंडावर फेकतील. मुदतीचे मोजके दिवस राहिलेत, नसती भानगड कशाला? भाऊराव पहिल्यांदाच माझ्या बाजूनं मान हलवत होते.

रूपलानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लिवा, मुनशीजी. तुमी एवढं उलटं लिवलं, थे चाललं सहा वर्सं. आता एक सुलटं लिवा."

मी लिहिलं. 'सदर घरात माणिकराव यांची कन्या कुसुमबाई हिला दरवर्षी दिवाळीस येण्याचा व एक रात्र मुक्काम करण्याचा हक्क राहील, तो घेणार यांस मान्य व कबूल आहे.' मग त्यानं मला सगळा कागद वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाला, पुन्हा वाचा, आणि प्रत्येक दिशेला हात करा. मी अंगणाच्या मधोमध उभा राहून हात करत वाचला. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावला, तेव्हाही वाचला. मला राग आला नाही. पहिल्याच वेळी त्यानं असंच केलं असतं तर मीच वाचलो असतो.

बँकेच्या वकिलाला कच्चा मसुदा दाखवला, तो हसला, पण चतुःसीमा बरोबर आहे म्हणाला. मुदतीला चार दिवस उरले असताना आम्ही सगळे साहेबांपुढे उभे राहिलो. कुसुमबाई चौथी शिकलेली होती, तिनं अंगठा न लावता पूर्ण नावानं सही केली, वडिलांच्या नावासकट. साहेबांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि कागद खाली वाचत गेले. शेवटच्या ओळींवर थांबले. चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं. आता साहेब दस्त परत करणार, ट्रक जाणार, आणि पुन्हा नेर.

"हे काय आहे?"

"येण्याजाण्याचा हक्क, साहेब," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

साहेबांनी रूपलाकडे मोर्चा वळवला. "तुम्हाला कळतंय का हे? घर तुमचं. आणि दर दिवाळीला ही बाई कागद घेऊन तुमच्या दारात उभी राहील."

"बाई दारात कायले उभी राहीन, साहेब?" रूपला म्हणाला. "अंदर येईन न."

साहेबांनी पुन्हा एकदा त्या ओळी वाचल्या, मान खाली घालून हसू दाबलं आणि शिक्का मारला. सहा वर्षांनी बोरगावचं ते घर कागदात आणि जमिनीवर एका जागी आलं होतं, आणि बाहेर ओसरीत चांदी कुसुमबाईला विचारत होती, दिवाळीला गोड काय आवडतं.